विहिणीच्या गाऊनची माया

शिवणवाल्या मावशी कुणाच्याही शब्दावर कापडाला कात्री लावत नाहीत. "हे आटत नाही हो," असं गिऱ्हाइकाने छातीठोकपणे सांगितलं की त्या "बरं" म्हणतात, आणि ते वळल्याबरोबर कापडाचा कोपरा भिजवून दोरीवर टाकतात. "माझं वजन वाढलेलंच नाही, तुमच्याच शिलाईत गडबड," असं कुणी म्हणालं की गळ्यातली टेप पुढे करतात. "माझ्याशी कशाला भांडता? हिच्याशी भांडा." पण त्या टेपवरही त्यांचा पुरता भरवसा नाही. टेप जुनी झाली की ताणते आणि खोटं बोलायला लागते, म्हणून मधूनमधून ती लाकडी पट्टीवर पसरून तिचीही झडती होते.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे दोन मशिनं, बेतायचं टेबल, पडद्याआड आरसा. मागच्या खोलीत मावशींचा संसार. संसार आता एकटीचाच. नवरा अबोल, सरळ माणूस होता, लेक लहान असतानाच आजारात गेला. त्या घरात कुणी कुणावर हात उचलला नाही. लेक, म्हणजे ठकू, फारच हट्टाला पेटली तर मावशी पट्टी मशिनवर आपटायच्या. त्या आवाजानेच पोरगी शहाणी व्हायची.

दुसऱ्या मशिनवर काजवाली बसते. काजं, बटणं, हेम हे तिचं पगारी काम आणि गल्लीच्या बातम्या हे बिनपगारी. जावई आला तेव्हा तिच्या दातात दोरा होता, म्हणून ती गप्प होती.

"आई, हा गाऊन जरा उसवलाय." जावयाने पिशवी टेबलावर ठेवली.

मावशींनी गाऊन झटकला. निळ्यावर पांढरी फुलं, त्यांच्याच हातचा. डावी बाही मुंढ्यापासून निम्मी सुटून लोंबत होती.

"कशानं?"

"दाराच्या कडीत अडकला म्हणे."

"म्हणे?"

"मी कामावर होतो ना."

"ठकू का नाही आली?"

"तिला कुठला वेळ? आमच्या आईचं सगळं तिच्यावरच."

"आणि तुमच्या बाजूला शिंपी नाहीत?"

जावई टेबलावरच्या खडूकडे बघत म्हणाला, "तुमच्या हाताची सर नाही त्यांना."

चहा न घेताच गेला. मावशींनी बाही उजेडाकडे धरली.

"कडीत अडकलं की कापड फाटतं. इथे कापड धड आहे, टीप तुटलीय. कुणीतरी बाही धरून ओढलीय."

काजवालीने दातातला दोरा थुंकला. "अगं बाई! म्हणजे तो ठकूला..."

"मी काही म्हणाले नाही."

"मनात म्हणालात ना पण?"

मावशींनी गाऊन तिच्या अंगावर फेकला. "दुहेरी टीप मार. आणि तोंडालाही."

त्याच दुपारी त्यांनी लेकीला फोन लावला.

"बरी आहेस ना?"

"हो."

"हो असं का म्हणालीस?"

"मग कसं म्हणू?"

"तुझा आवाज बारीक येतोय."

"आई, तू फोन कानाला उलटा लावला असशील. ठेवते, सासूबाई हाका मारतायत."

दुसऱ्यांदा जावई आला तो गळ्यापाशी फाटलेला गाऊन घेऊन. तीच निळ्यावरची पांढरी फुलं. बटण तुटलेलं, गळापट्टी अर्धी बाहेर.

"शेजाऱ्यांच्या कुत्र्याने ओढला," तो म्हणाला.

"परवापर्यंत तुमच्या शेजाऱ्यांकडे मांजर होतं."

"आता कुत्रंही आहे."

"मांजर काय म्हणतं त्यावर?"

जावई हसला नाही. नुसता उभा राहिला, जणू मावशी आणखी काही विचारतील याची वाट बघत. मावशींना ते उभं राहणं खटकलं. हा माणूस आपल्याला कळलंय का, याचा अंदाज घेतोय. ठकूला येऊ देत नाही, पिशव्या स्वतः आणतो. म्हणजे तिच्याशी आपलं बोलणं व्हायला नको. त्यांनी मनातल्या मनात टाके घातले आणि गाठ मारून टाकली.

काजवालीच्या पोटात ही गोष्ट दोन दिवसही राहिली नाही. कॉलेजात शिकवणाऱ्या प्राध्यापिकाबाई ट्रायलला आल्या होत्या. त्या स्टुलावर उभ्या, मावशी खाली बसून घेराला टाचण्या लावतायत, आणि शेजारचे इस्त्रीवाले काका कपड्यांचा गठ्ठा घेऊन दारात. एवढी सभा जमल्यावर काजवालीला राहवेना.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. घरातलीच माणसं घरातल्यांना का मारतात हो?"

"कुणाच्या घरात?"

"कुणाच्याही."

"दारू!" इस्त्रीवाल्यांनी निकाल दिला. "दुसरं काय?"

"तो तर पीत नाही."

"तो कोण?"

"कुणी नाही."

प्राध्यापिकाबाई वर्गात असल्यासारख्या हात हलवायला गेल्या. खालून मावशी ओरडल्या, "हलू नका!" मग त्या हात बांधून बोलल्या. "एकच कारण नसतं गं. कुणी म्हणतं, लहानपणी घरात जे बघितलं तेच मोठेपणी हातात उतरतं. कुणी म्हणतं, आजारपण, चणचण, अपुरी झोप हे सगळं तुंबत जातं आणि जवळच्या माणसावर फुटतं. कुणाच्या मते हा सत्तेचा मामला आहे, घरात ज्याचं चालतं तो ज्याचं चालत नाही त्याला बडवतो. आणि एक फार साधं उत्तर आहे. माणूस मारतो, कारण त्याला मारता येतं. मारून त्याचं काही बिघडत नाही. साहेबाचा कितीही राग आला तरी कुणी साहेबाच्या कानाखाली वाजवत नाही ना?"

"हे शेवटचं खरं," मावशी टाचण्यांमधून म्हणाल्या.

"सगळ्यांतच थोडं थोडं खरं असतं."

"नाही. शेवटचंच."

इस्त्रीवाले गठ्ठा खाली ठेवत म्हणाले, "पण पुरुषमाणूस थकून येतो हो. दोन-दोन पाळ्या करायच्या म्हणजे डोकं कुठे ठिकाणावर राहतं?"

मावशींनी तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या. "थकलेल्या माणसाचा हात गळतो, काका, वर उठत नाही. तुम्ही सकाळपासून इस्त्री फिरवता. घरी जाऊन कुणाला चटके देता का?"

"छे हो. घरी गेलो की आमची हीच मला सरळ करते."

सगळे खळखळून हसले. मावशी सोडून.

दुसऱ्या दिवशी टेप गळ्यात टाकून त्या लेकीकडे गेल्या. निमित्त मापाचं. ठकूने दार उघडायला वेळ लावला. जिन्यात उभ्या उभ्या मावशींनी शेजारच्या दाराला कान लावला. कुत्रं भुंकलं नाही. दार उघडल्यावर त्यांनी आधी लेकीच्या तोंडाकडे नाही, दंडांकडे पाहिलं. बिनबाह्यांचा ड्रेस, दोन्ही दंड स्वच्छ.

"हात वर कर."

टेप छातीवरून फिरली, पाठीवरून फिरली, मानेला वळसा घालून आली. ठकू कुठेही कचरली नाही.

"आई, तू माप घेतेयस की तपासतेयस?"

"नीट माप घ्यायचं तर तपासावंच लागतं. पाय दाखव."

"पायांचं माप कशाला?"

"सलवार शिवीन."

पायांवरही काही नव्हतं. खिडकीजवळच्या खुर्चीत विहीणबाई बसल्या होत्या. एके काळी दार भरून उभ्या राहणाऱ्या बाई, आजारपणात सुकून ठकूच्या अंगाच्या झालेल्या. उकडत असताना त्यांच्या अंगात लांब बाह्यांचा स्वेटर होता. "दार लावलं का?" त्यांनी विचारलं.

"लावलं," ठकू म्हणाली.

थोड्या वेळाने पुन्हा, "दार लावलं का?"

"लावलं हो, लावलं!" या वेळी आवाज असा चढला की मावशींच्या हातातला कप बशीवर वाजला. त्यांच्या मनात आलं, काय दशा केलीय या घराने माझ्या पोरीची.

निघताना त्या वाकून म्हणाल्या, "विहीणबाई, ओळखलंत का?"

विहीणबाईंनी आधी ठकूकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हो."

हिचा तोरा काही उतरत नाही, असं पुटपुटत मावशी जिना उतरल्या. लग्नाच्या वेळी याच बाईंनी मावशींच्या हातचा झगा उलटसुलट करून शेरा मारला होता, "झाकायला पुरेसं आहे." ते शब्द मावशींनी अजून घडी घालून जपले होते.

तिसऱ्यांदा गाऊन आला तो काखेपासून खिशापर्यंत उसवलेला. या वेळी टीप तर गेली होतीच, कापडही चिरलं होतं.

"माया सोडून झाकता येईल," मावशी म्हणाल्या. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची आणि माया सोडायची. त्यांनी गाऊन उलटा केला, कड चाचपली, आणि हात तिथेच थांबला.

आत माया नव्हतीच. शिवणीला लागून कापड छाटलेलं होतं.

या निळ्या कापडाचे दोन गाऊन त्यांनी एकाच दिवशी बेतले होते. कापड दुपदरी घालून, ठकूच्याच मापावर. एक ठकूचा, एक विहिणीचा. बाहेरून दोन्हींत तसूभर फरक नव्हता. पण ठकूच्या गाऊनमध्ये त्यांनी भरपूर माया ठेवली होती. पोरीचं अंग उद्या भरेल, दिवस राहतील. विहिणीच्या गाऊनची कड मात्र कात्रीने साफ केली होती. "विहिणीसाठी कशाला माया?" असं म्हणाल्याही होत्या, आणि काजवाली हसता हसता सुई टोचून घेऊन बसली होती.

आत्ता काजवालीकडे बघत त्यांनी विचारलं, "तू बाही शिवलीस तेव्हा आत कापड होतं?"

"नव्हतं. मला वाटलं, बेतताना घाई झाली असेल. मालकिणीच्या कामातली खोट कशाला काढायची?" मग तिलाही उमगलं. "म्हणजे तो ठकूला नाही. स्वतःच्या आईला मारतो!"

मावशींना क्षणभर हायसं वाटलं. वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याचाच संशय आला. बाही सुटली तेव्हा तर तो कामावर होता. आणि साधं 'ओळखलंत का' विचारल्यावर विहीणबाईंनी आधी पाहिलं होतं ते ठकूकडे.

"दमली असेल पोर," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

पण शब्द तोंडातून गेले होते. आणखीही रांगेत उभे होते. नोकरी सोडावी लागली बिचारीला. रात्रीची झोप नाही. मदतीला कुणी नाही. म्हातारी तरी कमी छळते का? स्टुलावरून प्राध्यापिकाबाईंनी सांगितलेली जी जी कारणं जावयाच्या बाबतीत त्यांनी टाचणीने टोचून खाली पाडली होती, ती लेकीच्या अंगाला मापात बसत होती. फक्त त्यांना पटलेलं ते शेवटचं कारण तेवढं त्या आता उचलायला तयार नव्हत्या.

संध्याकाळी जावई गाऊन न्यायला आला. मावशींनी गाऊन दिला नाही.

"हा तुमच्या आईचा आहे."

जावई एकदम स्टुलावर बसला. "कळलं तुम्हाला."

"तुम्हा तिघांपैकी कुणी सांगितलं म्हणून नाही कळलं."

"मला वाटलं, तुमच्या हातचा कपडा आहे, तुम्ही ओळखाल. म्हणून तर एवढ्या लांब आणत होतो."

"कुत्रं, कडी, सगळं तोंडातून येत होतं. हे एक येत नव्हतं?"

"तुमची लेक आहे ती."

"आणि त्या तुमच्या कोण?"

जावयाने खाली मान घातली. "मी बोललो तर ती निघून जाईल, आई. मग आमच्या आईकडे कोण बघणार? मला तर कामावर..."

"म्हणजे तुमची सोय बिघडू नये म्हणून त्यांनी मार खायचा."

"तुम्ही फार लागेल असं बोलता."

"घराची किल्ली द्या."

सकाळी तो कामावर गेल्यावर मावशींनी लेकीच्या घराचं कुलूप अगदी हलकेच उघडलं. स्वतःच्या लेकीच्या घरात चोरासारखं शिरताना त्यांना अजूनही वाटत होतं, आपण चुकीच्या ठरू. चुकीचं ठरण्यासाठीच त्या आल्या होत्या.

आतल्या खोलीत ठकू विहीणबाईंना भरवत होती. विहीणबाईंनी मान वळवली. "दार लावलं का?"

ठकूने चमचा खाली ठेवला. नीट, आवाज न करता, ताटलीच्या कडेला. मग विहीणबाईंचा दंड धरला आणि दुसऱ्या हाताने चापट मारली. एक. आणि लगेच दुसरी.

मावशी दारात थिजल्या. चापटीपेक्षा त्यांना तो चमचा दिसत राहिला. संतापलेला माणूस चमचा फेकतो. हिने ठेवला.

"ठकू."

ठकू गर्रकन वळली. "तू आत कशी आलीस?"

"हात सोड त्यांचा."

"बघितलंस ना तू? दिवसभर हेच! दार लावलं का, दार लावलं का..."

"दार उघडंच होतं. मी आत्ता उघडलं. त्यांनी बरोबर विचारलं."

ठकूने दंड सोडला. "मी मारत नाही गं. कधीतरी हात लागतो."

"लागतो की लावतेस?"

"तुला काय जातं बोलायला? नोकरी गेली माझी. झोप गेली. हा पाळीवर जातो आणि सुटतो. माझ्याकडे कोण बघतं?"

"कुणी नाही. मीही नाही बघितलं. तुझे दंड तपासून घरी गेले, तुझं तोंड नाही बघितलं. ते सगळं खरं आहे." मावशींनी ताटलीकडे बोट केलं. "पण चमचा तू नीट ठेवलास, ठकू."

ठकूने त्या चमच्याकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणीतरी तिथे ठेवला असावा.

मावशी खुर्चीपाशी उकिडव्या बसल्या. "विहीणबाई, चला माझ्याकडे."

"कशाला?"

"राहायला."

विहीणबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत निरखलं, पूर्वी तो झगा निरखला होता तसंच. "तुम्ही हिच्या आई ना?"

"हो."

"मग तिथे काय वेगळं असणार?"

मावशींनी तो चमचा उचलून लांब ठेवला.

"तुमच्याकडे आणखी कोण असतं?"

"एक काजवाली येते."

"ती मारते?"

"नाही. बोलते फार."

विहीणबाई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागल्या. "बोललेलं चालेल," त्या म्हणाल्या.

मावशींनी विहीण घरी आणल्यावर गल्लीत तर्कांना ऊत आला. कुणी म्हणालं, म्हातारीकडे डबोलं असणार. कुणी म्हणालं, जावई मारकुटा निघाला. इस्त्रीवाले काका गठ्ठा ठेवायच्या निमित्ताने तीनदा डोकावून गेले. मावशींनी कुणाचाच तर्क खोडला नाही. फक्त जावयाचं नाव निघालं की म्हणायच्या, "तो नाही." त्यावर लोक पुढचं विचारायचे आणि त्या मशीन सुरू करायच्या.

आठवड्याभरात त्यांना भलतंच काही कळलं. विहीणबाई दुकानातही दाराचं विचारायच्या, तेही कात्री कापडात शिरलेली असताना, रेघ वाकडी जाईल अशा वेळी. "उघडंच आहे, दुकान आहे हे," असं सांगून झालं, हसून सांगून झालं, काजवालीकडून सांगवून झालं. एका सकाळी प्रश्न आला आणि मावशींना जाणवलं, आपण कात्री बाजूला ठेवतोय. नीट. हात मोकळा करतोय.

त्या तडक उठून रस्त्यावर गेल्या आणि विजेच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं सगळ्या जगावर संशय घेतला. या दोन हातांवर कधी घेतला नव्हता. काजवाली मागे आली तेव्हा त्या म्हणाल्या, "आजपासून मी उठून बाहेर गेले की तू त्यांच्यापाशी बसायचं. काही विचारायचं नाही."

"आणि मी बाहेर गेले तर?"

"तू कशाला जाशील?"

"मीही माणूसच आहे, मावशी," काजवाली म्हणाली. पहिल्यांदाच तिने एवढ्या थोड्या शब्दांत आटपलं. दोघींनी पाळ्या ठरवल्या. दुपारचे दोन तास जावयाने पाळी बदलून यायचं, हेही मावशींनी त्याला फोनवर बजावलं. तो "बघतो" म्हणाला तेव्हा "बघू नका, या" म्हणाल्या. आणि तो आला.

ठकू आली ती त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, भर दुपारी. केस नीट विंचरलेले, हातात विहीणबाईंच्या औषधांची पिशवी. उंबऱ्याशी थांबून म्हणाली, "त्यांना भेटायचंय. माफी मागायचीय."

काजवालीची सुई वरच राहिली. लेक वाळली होती. तिला आत ओढावं, जेवू घालावं, निजवावं, असं मावशींचं सगळं अंग म्हणत होतं. आणि त्याच वेळी एक डोळा त्या पोरीच्या हातांवर होता.

"थांब. विचारते."

त्या मागच्या खोलीत गेल्या. विहीणबाई पलंगावर बसून बटणं रंगांप्रमाणे वेगळी करत होत्या. त्यात त्यांचं मन रमायचं.

"ठकू आलीय. माफी मागते म्हणते. आत घेऊ?"

विहीणबाईंच्या मुठीत बटणं घट्ट आवळली गेली. "नको."

"नुसती दारातून?"

"नको म्हटलं ना."

मावशी बाहेर आल्या. औषधांची पिशवी लेकीच्या हातातून घेऊन काजवालीकडे दिली, स्वतः उंबरा ओलांडला आणि मागे दार ओढून घेतलं.

"नको म्हणाल्या."

"मी तुझी मुलगी आहे, आई."

"म्हणून तर बाहेर आले. चल, बस."

दोघी भिंतीला टेकून पायरीवर बसल्या. येणारीजाणारी माणसं वळून बघत होती. इस्त्रीवाल्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"प्राध्यापिकाबाईंच्या ओळखीच्या एक बाई आहेत," मावशी म्हणाल्या. "हात उगारणाऱ्या माणसांशी बोलतात. उद्या आपण जायचं."

"मी काय वेडी आहे?"

"नाहीस. वेडी असतीस तर डॉक्टरांकडे नेलं असतं आणि मोकळी झाले असते."

ठकू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. "मला त्या आत कधी येऊ देणार?"

"त्यांना विचारत राहू."

"त्या तर विसरतात सगळं. उद्या त्यांना आठवलंच नाही, मी काय केलं ते, आणि 'ये' म्हणाल्या तर?"

मावशींनी लेकीकडे पाहिलं. त्या प्रश्नात आशा होती की हिशेब, ते त्यांना ओळखता आलं नाही.

"मला आठवेल," त्या म्हणाल्या, आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवून तिथेच बसून राहिल्या.